'द' कुठे लावायचा

डिचोलीच्या बाजारात, सोडावाल्याच्या माडीवर
साडेसहाला माझा वर्ग भरतो.
नऊ खुर्च्या, एक फळा,
आणि खालून मधूनमधून गोळी फुटल्याचा आवाज.

सगुण मळीक शेवटच्या खुर्चीत. वय त्रेपन्न.
एकवीस वर्षं टिप्पर: खाण ते जेटी, जेटी ते खाण.
आता कळंगुटच्या हॉटेलात गाडीवर लागायचंय,
मॅनेजर म्हणाला, पाहुण्यांशी चार वाक्यं तरी यायला हवीत.

आज फळ्यावर 'अ' आणि 'द'.
मी सांगितलं, आपल्याकडे ही भानगड नाही.
आपण नुसतं ट्रक म्हणतो, समोरचा समजून घेतो.
इंग्रजीचा समोरच्यावर तेवढा भरवसा नाही.
कुठलाही असेल तर अ ट्रक.
तुला ठाऊक, मलाही ठाऊक, तोच तो असेल
तर द ट्रक.

सगुणने लिहिलं, खोडलं, हात वर केला.
"बाई, टिप्पर दारात होता तेव्हा द.
आता भंगारवाल्याच्या आवारात
साठ टिप्पर उभे आहेत, चाकं काढलेले.
त्यातला एक माझा.
म्हणजे तो अ झाला?"

वर्ग हसला. लंडनला भावाकडे निघालेली एस्पेरांसाही.
सगुण हसला नाही, पेन धरून थांबला.

पुस्तकात एवढंच, की सूर्याला द, चंद्राला द,
नदीलाही द: द मांडवी.
"आणि डोंगराला?"
एकट्या डोंगराच्या नावाला काही नाही, रांगेला द.
"आणि डोंगर होता तिथं आता खड्डा असला तर?"

मी पान उलटलं. पुढच्या आठवड्याचा धडा आजच काढला:
आय यूज्ड टू ड्राइव्ह.
पूर्वी नेहमी, आता नाही.
"चालवायचो," तो म्हणाला लगेच,
"हे आपल्याकडे आहे की! एकाच शब्दात."
मग जरा वेळानं,
"यूज्ड म्हणजे वापरलेलं ना? यूज्ड कार, पेपरात असतं."
स्पेलिंग तेच, मी म्हटलं, उच्चार थोडा वेगळा.
"मग बरोबर आहे," म्हणाला, आणि वही मिटली.

वर्ग सुटला. जिन्यावरून दिसलं:
सगुण दुकानासमोर उभा राहिला, बोलला काहीच नाही.
सोडावाल्यानं लिंबू पिळलं, मीठ जास्त घातलं,
ग्लास पुढे सरकवला.

हे उदाहरण म्हणून दुसऱ्या दिवशी द्यायचं ठरवलं होतं.
दिलं नाही.