तिसऱ्या वर्षाचे

फर्मागुडीच्या पठारावर मॅटिंगचे खिळे ठोकताना
पहिल्या वर्षाची पोरं आम्हाला अजून ‘बाब’ म्हणतात.
स्कोअरबुकात मात्र फुर्तादो शून्य,
मी चार, तेही बॅटची कड घेऊन,
विठू गावडे पुन्हा शून्य.

सर काही बोलत नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

काल डिचोलीच्या नव्या पोराने मारलेला षटकार
थेट काजूच्या बागेत गेला.
शोधायला आम्ही तिघेच उतरलो.
पिकल्या बोंडांचा आंबूस वास,
वाळकी पानं पायाखाली.

फुर्तादोला चेंडू सापडला. त्याने तो
जरा वर उडवला आणि मोडक्या फांदीने हाणला.
ठक्क! अगदी मधोमध.
वर मैदानावर कुणाला ऐकू गेलं नसावं.

विठू म्हणाला, आता शोध तूच.
आणि तिघेही वाकलो.