सहातली एक

रबाळ्याला, शेडच्या वरच्या मजल्यावर,
हळद भरायच्या मशीनचं झाकण
मी माऊसने नुसतं ओढलं
तर ते हॉपरच्या पोटातून आरपार गेलं
आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तरंगत राहिलं.
ना आवाज, ना ओरखडा.

मग मी घाबरून बांधतच सुटले.
हा पृष्ठभाग त्या पृष्ठभागाला टेकव,
हे भोक त्या पिनेशी एकाक्ष,
ही कड समांतर, ती काटकोनात,
वर आणखी एक अंतर, बारा मिलिमीटर,
असू दे म्हणून.
संध्याकाळपर्यंत यादीभर लाल खुणा.
झाकण जागचं हलेना.
उघडेचना.

तांडेल मॅडम चहाचा कप घेऊन मागे उभ्या.
"हात काढ. मोज आधी.
तीन सरकायच्या, तीन फिरायच्या,
सहा मोकळिका घेऊन येतो प्रत्येक भाग.
तू याच्या नऊ काढून घेतल्यास.
वरच्या तीन कुठून आणल्यास?"

त्या दिवाळे कोळीवाड्यातल्या.
म्हणाल्या, होडी चारी बाजूंनी ताणून बांधली
तर ओहोटीला ती दोरांवर लटकते,
एखादा दोर तुटतो, नाहीतर कडी उपटते.
बाबा भरती-ओहोटीपुरता दोर सैल सोडायचे,
दोन्ही हात पसरून मोजलेला.
त्या मापाला वाव म्हणायचे.

सगळं पुसलं.
आधी सांगाडा जमिनीला पक्का.
मग पिनेचा अक्ष: चार गेल्या.
बिजागरीची एक बाजू टेकवली: पाचवी.
उरली एक.
तिला शून्य ते एकशे दहा अंश,
कारण मागे केबलची पट्टी आहे.
ओढलं. झाकण उघडलं,
पट्टीच्या अलीकडे थांबलं.

तीन आठवड्यांनी खाली गावंडांनी खरं झाकण चढवलं.
अडलं.
दोन बिजागऱ्या, दोन वेल्डिंग,
स्क्रीनवर त्यांचा अक्ष एकच होता,
इथे दीड मिलिमीटरने दोन.
गावंड काही बोलले नाहीत.
गोल कानस घेतली,
एका बिजागरीचं भोक घासून लांबट केलं,
फुंकर मारली, बोल्ट आवळला.
झाकण एका बोटाने उघडलं.

मी वर येऊन ड्रॉइंगमध्ये ते भोक लांबट केलं.
सुधारणा क्रमांक एक.
कारणाच्या रकान्यात काय लिहायचं सुचेना,
"वाव" लिहिलं.
तांडेल मॅडमनी ते खोडून
"क्लिअरन्स" केलं
आणि सही केली.