हातचा एक

पाच आणि सात बारा. बाराचे दोन खाली,
हातचा एक.
काणेबाई विचारायच्या, हातचा कुठंय?
मी मूठ उघडायचे, रिकामी.
चिंचोका केव्हाच बाहीत गेलेला असायचा.

मिरजेत तेवढंच शिकले.
पुढचं लेस्टरला, मोज्यांच्या कारखान्यात,
जेवणाच्या सुट्टीत, दोरा संपलेल्या रिळांवर.

लीड्सचा एजंट दारातच म्हणाला,
जादू पुरुष करतात. तू पेटीत बस.
साडी नेस, टिकली मोठी लाव,
आणि नाव जरा सोपं घे.
कुमुदिनीचं लोटस केलं त्यानं.
कुमुद वेगळं, कमळ वेगळं,
पण हे त्याला कोण सांगणार,
आणि तेही आठवड्याला नऊ पौंडांत?

चार वर्षं डेस्मंडनं मला कापलं.
रिल, स्केगनेस, मोरकॅम्ब. शनिवारी दोनदा.
गुडघे हनुवटीला लावून आत पडलं
की बाहेरचं सगळं ऐकू येतं:
करवत, पहिल्या रांगेतला खोकला,
आणि डेस्मंडची बोटं. कडकड वाजायची,
दर हंगामात थोडी जास्त.
लोक त्याचे हात बघत.
मी ऐकत होते.

मग एका फेब्रुवारीत त्याच्याच्यानं पत्ता लपवेना.
बदामाची राणी निसटून खाली पडली,
सगळ्यांनी पडताना बघितली,
आणि सभ्यपणे टाळ्या वाजवल्या.
तसल्या टाळ्या वैऱ्यालाही मिळू नयेत.
पेटी त्यानं मला विकली. चाळीस पौंड, आठ हप्ते.
करवत फुकट दिली.

तेव्हापासून हातावर पोट, अगदी शब्दशः.
व्हॅनचा हीटर बंद, कबुतरं मांडीवर, शालीत.
व्हिटबीच्या मिसेस ऑलरेनशॉनं
त्यांचं वेगळं भाडं लावलं:
पक्षी दोन, नाश्ता सोडून.
पावती अजून जपून ठेवलीय.
क्लबात बिंगोचे दोन डाव,
त्यांच्यामधली वीस मिनिटं माझी.
मागून कुणीतरी ओरडायचंच,
दोरी कुठंय? साप कुठंय?
साडी मी सोडली.
डेस्मंडचा काळा कोट कमरेत आवळून शिवला,
बाह्या तेवढ्या तशाच ठेवल्या.
पोस्टरवर नाव घातलं, कुमुदिनी चिटणीस.
छापखान्यानं तीनदा चुकवलं.
चौथ्यांदा मी स्वतः शेजारी उभी राहून
एकेक अक्षर लावून घेतलं.

क्लीथॉर्प्स, मंगळवार, अकरा माणसं.
त्यातली दोघं कोट वाळवायला शिरलेली.
घरी पत्रात लिहिलं, हॉल भरला होता.
बाबांच्या हातावर तुरी दिल्या त्या एवढ्याच.
उत्तर आलं: छान. थंडीत पायमोजे घालत जा.
कारखान्यातले बारा जोड अजून होते माझ्याकडे.

त्या रात्री खेळ संपल्यावर
खुर्च्या लावणाऱ्या बाईची नात आली पुढं.
नाणं कुठं गेलं, म्हणाली.
मी मूठ उघडली. रिकामी.
ती हसली नाही.
तिनं सरळ बाही धरली माझी.

काणेबाई, हातचा दाखवायचा नसतो,
पुढच्या घरात मिळवायचा असतो,
हे तुम्हीच शिकवलंत ना?
मी तेच करत आलेय,
एका घरातून दुसऱ्या घरात,
पडदा, सामान, पुढचं गाव.
बेरीज काय झाली ते मात्र विचारू नका,
खाली अजून रेघ मारलेली नाही.

उद्या स्कारबरो.
तिथली मालकीण फोनवर म्हणाली,
कबुतरं चालणार नाहीत.
बघू.
बाही मोठी आहे.