छाट

आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
समोर बसून मी वाचते माझी गोष्ट, मराठीतली.
ती मनात तेलुगूत करून घेते,
म्हणून प्रत्येक वाक्यामागे थांबते मी.

लिहिलं होतं :
त्या रात्री नायना भांडून भिवंडीला गेला,
दाराला लाथ मारून.

कात्री पानातच थांबली.
'लाथ कुठली? दार फुगलेलं,
पायानंच उघडायचं ते.
आणि जा, म्हणून मीच म्हटलेलं.'

वीस वर्षं जगले मी त्या लाथेवर.
तिच्यावर कविता लिहिल्या, एक बक्षीसही घेतलं,
नवऱ्याशी भांडले तिच्याच जोरावर.

ओळ खोडायला पेन उघडलं.
'राहू दे की.
तू गोधडीत होतीस, तुला ऐकू आलं ते आलं.
माझं त्याच्याखाली लिही.'

कारखान्यात चेकर तिच्या कट्ट्यातून
छाट काढतो, तिच्यादेखत मोडतो.
चाळीस वर्षं बघतेय ती.
माझं एक वाक्य मात्र मोडू देईना.

सूप झटकून उठताना म्हणाली,
'शेजारच्या नरसव्वालाही विचार.
भिंत एकच होती,
आणि ती जागी होती.'