कोपरा

फाटक आता फक्त नावाला.
पूर्वी इथे लोखंडी दांडा होता, ढकलला की कुरकुरायचा,
आणि दांड्याशेजारी स्टुलावर दुआन सूच्युन,
निळा गणवेश, अंगठ्याला रबरी टोपी.
एकोणीस वर्षं तिनं तिकिटांचे कोपरे फाडले.

मग एका वसंतात वरून कागद आला:
उद्यापासून बाग सगळ्यांची.
दांडा कापून नेला हातगाडीवरून.
तिकीटघरात आता छत्र्या ठेवतात, उसन्या द्यायला.
त्यातल्या निम्म्या परत येत नाहीत.

ती मात्र येते.
पावणेसहाला, थर्मास घेऊन, चिनारांखाली.
कबूल करत नाही कुणाजवळ,
पण आत शिरणाऱ्याच्या तोंडाआधी
तिची नजर अजून त्याच्या हाताकडे जाते.

हातात काय काय असतं.
पिंजरा, वर निळं कापड, आतला पक्षी झोपमोड झाल्यासारखा चिडका.
भोवरा, लहान कलिंगडाएवढा, आणि त्याला फटकावायला चाबूक.
एरहू, दोन तारांचं, मालक ओतकारखान्यातून निवृत्त,
बायको घरात वाजवू देत नाही,
आणि बायकोचं फारसं चुकत नाही.
नातू. भाजीची पिशवी. नातवाचा बूट, एकच.

काहींचे हात रिकामे.
ते झाडाला पाठ आपटतात,
उलटे चालतात तळ्याच्या कडेनं,
म्हणतात, गुडघ्यांना बरं.
सूच्युनला वाटतं, कुठून आलो ते बघत असतील.
(हे तिनं एकदा बोलूनही दाखवलं. कोणी हसलं नाही.)

तेव्हा एक मुलगा यायचा, रविवारी.
जुनंच तिकीट, कोपरा भाताच्या शितानं चिकटवलेला.
शीत वाळून पिवळं पडलेलं, दिसायचंच.
ती पुन्हा फाडायची, त्याच जागी, जपून,
म्हणजे पुढच्या रविवारी जोडायला सोपं.
सात-आठ रविवार. मग तो आला नाही.
तिकीट झिजलं असेल, किंवा मुलगा मोठा झाला असेल,
दोन्ही बहुधा एकाच सुमाराला होतं.

आज ऑक्टोबर. गुइहुआ फुललाय,
वास असा, की भांडत आलेली माणसंही
फाटकात मिनिटभर गप्प होतात.
आणि हा उभा.
पिवळं हेल्मेट, पिवळं जाकीट,
स्कूटर फूटपाथवर, पोर विशी-बाविशीचं,
एक पाय आत, एक बाहेर.
बोली गान्सूकडची, शब्द खड्यांसारखे.
"आजी, तिकीट कुठे मिळतं?"

मोफत आहे, एवढंच सांगायचं होतं.
दिवसातून चारदा सांगते ती, कोणी न विचारता.
पण त्याच्या हातात ऑर्डरची पावती होती,
लांबुळकी, पातळ:
बदकाच्या रक्ताचं सूप, शेवया घालून, दोन. तिखट कमी.
आणि तिचा हात पुढे झाला,
तिला न विचारता.
त्यानंही दिली, गणवेश नसलेल्या बाईला.
असा हात पुढे आला की माणूस देतोच.

कोपरा फाडला. टर्र.
किती बारीक आवाज.
पावती परत केली. "जा," म्हणाली,
"डावीकडनं. कमळं वाळलीत, पण बघण्यासारखी आहेत."

तो पुलापर्यंत गेला,
हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं,
केस चप्प बसलेले, कान एकदम मोठे दिसले.
तीन-साडेतीन मिनिटं. मग फोन ओरडला.
पळत आला, पळता पळता मान लववली,
सूप गार झालं असणार,
कोणीतरी त्याला एकच तारा देणार.

सूच्युननं मूठ उघडली.
कोपऱ्यावर पावतीच्या तळाचं एक अक्षर.
त्यांच्या लिपीत आभार मानायला
एकच अक्षर दोनदा लिहितात.
एक तिच्याकडे राहिलं होतं,
दुसरं स्कूटरवरून शहरात कुठेतरी चाललेलं.

तिनं ते खिशात टाकलं.
फाडलेले कोपरे खाली टाकायचे नाहीत,
हा नियम अजून कोणी बदललेला नाही.