लाल बटण

सेकंड शिफ्ट सुटते रात्री बाराला.
कंपनीची बस मला पाथर्डी फाट्यावर सोडते
तेव्हा पावणेएक; चाळीस घरांच्या सोसायटीत
एकच खिडकी पेटलेली.
तिसरा मजला. आमची.

तीन महिने शहाण्यासारखी झोपली ही.
आम्ही चार लोकांत सांगितलंही, जरा मिरवूनच,
की आमची रेवती एकदा पडली की पहाटे पाचलाच उठते.
सांगायला नको होतं. चौथा लागला
आणि दर पन्नास मिनिटांनी भोंगा.

वृषाली दार उघडते. बोलत नाही.
मग शिफ्टचा चार्ज द्यावा तशी पोर माझ्या हातात देते:
साडेदहाला पाजलं. लंगोट कोरडा. ढेकर निघाला.
बाकी मला काही कळत नाही.
आणि भिंतीकडे तोंड करून पडते,
पडते म्हणजे कोसळते.

दृष्ट काढून झाली. मिरच्यांचा ठसका
दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला, ही टक्क जागी.
गांगुर्डे मावशींनी ओव्याची पुरचुंडी दिली, ती शेकून झाली.
माझ्या हेल्परचं आडनाव पगार; तो म्हणाला, गाडीतून फिरवा.
त्याच्याच व्हॅनमधून फिरवली,
गरवारे पॉइंटला पुलावर चढलो, के. के. वाघला उतरलो.
पुलावर झोपली. खाली उतरलो की जागी.
रोज पूल कुठून आणायचा?

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या,
झोप बिघडली नाहीये हो, बदलतेय.
आधी दगडासारखी तळाशी जायची,
आता मोठ्या माणसासारखी अधूनमधून वर येते, बघते.
आणि वर आली रे आली की तुम्ही उचलता.
परत खाली जायची वाट तिला सापडायची कधी?
दिवसा उजेडात खेळू द्या, संध्याकाळी रोज तेच ते, त्याच क्रमानं.
डोळे जड झाले की खाली ठेवा, मिटायच्या आधी.
रडली तर घ्याच.
पण कुरकुरणं म्हणजे रडणं नव्हे.

कुरकुरणं म्हणजे रडणं नव्हे
हे मला कुणी सांगावं?
अकरा वर्षं अंबडला प्रेसवर आहे मी.
नवीन लागलेला पोरगा जरा आवाज बदलला
की लाल बटण दाबतो, अख्खी लाइन उभी.
मी त्याला सांगतो, आधी ऐक.
गरम होताना लोखंड बोलतं थोडं.
घरी मीच तो नवीन पोरगा.

आज दोन वीसला ती वर आली.
बाहेर पारा सातावर. पायानं दुपटं ढकललं,
मूठ गालावर घासली,
आधी एक अं, मग लांब अंऽऽ.
माझा हात उठला.
तो मी दुसऱ्या हातानं धरला.

हायवेवरून पिंपळगावचा कांद्याचा ट्रक गेला.
त्याच्यामागून दुसरा.
भिंतीकडून वृषालीच्या बांगड्या वाजल्या,
म्हणजे तीही जागीच, तीही
कशाला तरी धरून.
आवाज चढला. मी म्हटलं, आता घेतो,
बाप आहे, सिस्टरचा नोकर नाही.
घेतली नाही. नुसता तळवा ठेवला पोटावर,
थोपटलंसुद्धा नाही.
तिनं अंधारात बोट शोधलं,
माझं नाही, स्वतःचं,
आणि चोखता चोखता खाली गेली,
कुणी न नेता.

मग आम्ही दोघं कान लावून बसलो,
इतका वेळ काहीच ऐकू येत नाही म्हणून घाबरलेले.
चालू आहे ना श्वास? वृषालीनं विचारलं.
चालू आहे.
उद्या परत उठेल.
उठेल.

ती झोपली. तीन वाजले, साडेतीन.
माझ्या तळव्याला मुंग्या आल्यात.
तो काढायचा कसा, एवढं
सिस्टरना विचारायचं राहून गेलं.