गुरुवारच्या लढती

गुरुवारी खडकी बाजारात वीज नसते,
तेव्हा आम्ही लढती लावतो.
हारूण तांबोळी पूर्वी ग्लोव्हज शिवायचा,
आता रिक्षाची सीट कव्हरं शिवतो.
मी जिल्ह्याच्या वजनकाट्यावर चाळीस वर्षं बसलो.
काटा भंगारात गेला.
वही माझ्याकडे आहे.

लाइट हेवी. एक्क्याऐंशी किलो.
धड हेवी नाही, धड मिडल नाही,
घरातला मधला भाऊ,
ज्याच्या लग्नाची तारीख कुणाला सांगता येत नाही.

अठ्ठावन्न सालचा मेल्विन परेरा,
ॲम्युनिशन फॅक्टरीत टर्नर, डावखुरा.
पहिली फेरी तो नुसता बघायचा,
भाड्याची खोली बघावी तसा,
कुठे ओल आहे, कुठली खिडकी लागत नाही.
आणि शहात्तरचा हणमंत कुदळे, भोपखेलचा,
त्याचा उजवा हात सुटला
की मागच्या रांगेतली माणसं मान मागे घ्यायची.

दोघांमध्ये अठरा वर्षं आणि मुळा नदी.

हारूण म्हणतो, कुदळे. दुसऱ्याच फेरीत.
मी म्हणतो, ग्लोव्हज कुणाच्या काळातले?
परेराच्या वेळी आत घोड्याचे केस असायचे,
तिसऱ्या फेरीपर्यंत ते मनगटाकडे सरकायचे
आणि मग मूठ मुठीसारखी लागायची.
केसांवर मॅच फिरवतोस होय रे, हारूण म्हणतो.
मग कशावर फिरते?

वहीत परेरा पौंडात आहे, कुदळे किलोत.
एकाला दुसऱ्यात बसवताना
दरवेळी थोडं काहीतरी उरतं.
आमचं सगळं भांडण
त्या उरलेल्यावर.

त्याची नात निलोफर मोबाइलचा टॉर्च धरून बसते,
सुईत दोरा ओवून देते आणि म्हणते,
दोघांनाही तो मुंढव्याचा आर्मीवाला झोपवेल.
त्याला जेवण मोजून मिळतं, झोप मोजून मिळते.
तुमचा परेरा रात्रपाळी करून रिंगमध्ये उतरायचा ना?
उतरायचा.
यावर आमच्याकडे उत्तर नाही,
म्हणून आम्ही तिला चहा सांगायला पाठवतो.

चार वाजता कुदळे स्वतःच आला.
त्रेसष्ट किलो. मी विचारलं नाही,
डोळ्यांनीच तोललं, खोड आहे.
बाकावर बसला. कप बशीत वाजायला लागला
तसा त्याने डाव्या हाताने उजवा धरला,
पंच दोघांना सोडवतो तसा नाही,
उलटा.

हारूणला राहवलं नाही. विचारून टाकलं.

कुदळे म्हणाला, मी हरलो असतो.
बारा वर्षांचा होतो, होडीतून यायचो इकडे.
परेराच्या कोपऱ्यात बादली धरायला.
त्याची गमशील्ड मी धुवायचो.
पाण्यात लाल उतरायचं थोडं,
मोरीत ओतायच्या आधी मी बघत राहायचो.
त्या माणसावर हात कुठला उचलतोय मी.

हारूण शिलाई सोडून पुढे सरकला.
पण समज, तू त्याला ओळखतच नव्हतास.
समज, बादली दुसऱ्याच कुणी धरली.

कुदळेने बराच वेळ घेतला.
समोरच्या बेकरीत कुणी तरी पाव मोजत होतं,
अकरा, बारा, तेरा.
मग म्हणाला,
मग तो तुमचा कुदळे असेल. मी नव्हे.
त्याला खुशाल जिंकवा.

वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला कळेना. पेन्सिल कानावर ठेवली.

पाचला वीज आली. मशीन एकदम सुरू झालं,
हारूण दचकला, निलोफर हसली.
कुदळे उठला, पायरी उतरला,
एक पाय रस्त्यावर, एक अजून दुकानात,
आणि तिच्याकडे वळून म्हणाला,
तो मुंढव्याचा पोरगा. टीव्हीवर पाहिलाय मी.
जॅब मारून हात परत आणताना
इथे उघडा पडतो,
असा.

हात थरथरत होता.
तरी मी मान मागे घेतली.